चाळीस मिलिलिटरचा पुरावा

प्रस्तुत लेखकाच्या कोल्हापुरातल्या घरी बाल्कनीच्या कठड्यावर कफ सिरपच्या जुन्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आहेत. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख आणि किलोमीटरचा आकडा. आतला द्रव कुठे तपकिरी, कुठे करडा, आणि पावसाळ्यातल्या दोन बाटल्यांत तर चक्क ताकासारखा. कुरिअर घेऊन आलेल्या एका पोराने ओळीकडे बघून ‘काका, हा काढा कशावर?’ असं आदराने विचारलं होतं. लेखकाने त्याला बसवून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. तो पोरगा परत आलेला नाही. पार्सलं आता खालच्या वॉचमनकडे असतात.

बाटल्यांत आहे ते गाडीच्या इंजिनाने टाकलेल्या वाफेतलं तेल. बॉनेटखाली लेखकाने एक डबडं बसवून घेतलं आहे. इंग्रजीत त्याला ऑईल कॅच कॅन म्हणतात, घरात मात्र ‘तुमचं ते डबडं’ हेच नाव रूढ आहे. ते तेल अडवतं यात वाद नाही, बाटल्या साक्षीला आहेत. पण ज्या कामासाठी ते बसवलं, म्हणजे इंजिनात कार्बन धरू नये, ते काम होतं का, यावर या घरात दीड वर्ष खटला चालू आहे.

सुरुवात सेकंडहँड गाडीपासून झाली. टर्बो पेट्रोल, बासष्ट हजार किलोमीटर झालेली. गाडी झकास पळायची, पण सकाळी चालू केली की मिनिटभर हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी कान देऊन ऐकलं. प्लग बघितले, कॉइल बदलून बघितली, आणि शेवटी इनटेक मॅनिफोल्ड उतरवून आत कॅमेऱ्याची नळी घातली. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसलं ते बघून लेखकाला जत्रेतल्या भजीवाल्याची कढई आठवली. कढईची आतली बाजू नव्हे, बाहेरची. व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि मानेवर काळी, खरबरीत पुटं चढली होती.

‘कार्बन धरलाय ओ सर. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीला हे असतंयच.’

हे असतंयच म्हणजे काय, हे समजून घ्यायला थोडं इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली तेलाच्या चेंबरात निसटतो. मिस्त्री त्याला ब्लो-बाय म्हणतात. तिथे तापलेलं, उडतं तेल असतंच; त्याचे बारीक थेंब घेऊन ही वाफ वर येते. तिला वाट दिली नाही तर चेंबरात दाब वाढतो, सील फुटतात, तेल गळायला लागतं. म्हणून ब्रीदर पाइप.

पूर्वीच्या गाड्यांत हा पाइप सरळ खाली रस्त्याकडे सोडलेला असे. गाडी घरंदाज असो की टपोरी, ढेकर रस्त्यावरच. मग 1940 च्या दशकात धुरक्याने लॉस एंजेलिसच्या लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. त्या धुरक्याचा छडा लावला आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ कॅल्टेकमध्ये अननसाच्या वासाचं रसायन शोधत होता. अननस बाजूला ठेवून त्याने शहरातली हवा तशीच गोठवून तपासली आणि मोटारींचा धूर व कॅलिफोर्नियाचं ऊन यांचं गोत्र जुळवून दाखवलं. पुढे 1961 मध्ये कॅलिफोर्नियाने नव्या गाड्यांना नियम घातला: ही वाफ रस्त्यावर सोडायची नाही, परत इंजिनाच्या इनटेकमध्ये वळवून जाळायची. हळूहळू जगभरच्या गाड्या आपला ढेकर आपणच गिळायला लागल्या. लेखकाच्या व्हॉल्व्हवरच्या पुटांचा उगम असा अननसापर्यंत जातो. सौभाग्यवतींना हे सांगितल्यावर त्यांनी ‘बरं’ एवढंच म्हटलं.

पुढची कितीतरी वर्षं या गिळण्याचा फारसा त्रास झाला नाही, कारण पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागेच फवारलं जाई. आपल्याकडच्या एमपीएफआय गाड्यांत अजूनही तसंच होतं. वाफेतून आलेलं तेल व्हॉल्व्हवर बसायच्या आत पेट्रोल ते धुऊन नेतं. उंबऱ्यावर रोजचा सडा पडावा तसं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल शे-दोनशे बार दाबाने थेट सिलिंडरात, म्हणजे माजघरात उतरतं. ताकद वाढते, ॲव्हरेज सुधारतं, पण उंबऱ्यावरचा सडा बंद पडतो. तेलकट वाफ येतच राहते, तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते, भाजते, काळी होते.

बसलेली पुटं काढायची रीतही ऐकण्यासारखी आहे. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारायचा आणि दुसऱ्या नळीने ओढून घ्यायचा. टरफल कार्बन उडवण्याइतकं कठीण आणि धातूला ओरखडा न काढण्याइतकं मऊ असतं. ज्या सिलिंडरचं काम चाललंय त्याचे व्हॉल्व्ह तेवढे नीट मिटलेले पाहिजेत, नाहीतर भुगा आत जायचा. बीएमडब्ल्यूने तर आपल्या वर्कशॉपांसाठी या कामाचं अवजारच ठेवलं आहे. लेखकाने पुण्याला गाडी नेऊन हे करून आणलं. बिल बघून सौभाग्यवतींनी विचारलं, ‘अक्रोड आतले होते की नुसती टरफलं?’

पुन्हा हा खर्च नको म्हणून डबडं. कल्पना साधी आहे: ब्रीदरची वाफ इनटेककडे जाते त्या वाटेत एक डबा जोडायचा. आत वाफेचा वेग मंदावतो, ती थंड होते, आडव्या पत्र्यांवर आणि जाळीवर तेलाचे थेंब चिकटून खाली गळतात, उरलेली वाफ पुढे जाते. बाजारात चकचकीत, लाल-निळे डबे मिळतात. त्यांतले पुष्कळसे आतून रिकामे. एका नळीतून वाफ आली, डब्याचं कौतुक करून दुसऱ्या नळीतून निघून गेली. लेखकाने ॲल्युमिनियमचा डबा लेथवर बनवून घेतला, आत दोन पत्रे, आणि जाळी म्हणून भांडी घासायची तारेची घासणी. मिस्त्रींनी होज जोडले, क्लिपा आवळल्या आणि आधीच सांगून टाकलं, ‘डबडं येळच्या येळी रिकामं करायचं. तुंबलं तर डिपस्टिक उडंल, सील जातील, मग माझ्याकडं यायचं न्हाई.’

हे डबडं मुळात रेसच्या गाड्यांचं. ट्रॅकवर तेल सांडलं तर मागच्याची गाडी घसरते, म्हणून उघड्या ब्रीदरच्या गाडीला तेल साठवायची टाकी हवी असा नियम आहे: दोन हजार सीसीपर्यंत दोन लिटर, त्यावर तीन. आपल्याकडे ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटलाही ब्रीदरच्या तेलासाठी छोटंसं डबडं असायचं. दोन्हीकडे काम एकच: रस्ता आणि पँट खराब होऊ न देणं. व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर पुढे येऊन पडली.

दोन हजार किलोमीटरनंतर पहिल्यांदा तोटी उघडली. चाळीस मिलिलिटर! लेखकाला बारशाला पेढे वाटावेत इतका आनंद झाला. बाटली हातात घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. सौभाग्यवती तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आहेत, हे तेवढं विसरले.

‘अडलं ते मोजलंत. निसटलं ते कुठल्या बाटलीत आहे?’

लेखक गप्प.

‘आणि हे चाळीस मिली पुढे गेलं असतं तर त्यातलं जळून किती गेलं असतं आणि व्हॉल्व्हवर किती बसलं असतं?’

त्या रात्री लेखकाने बरंच वाचन केलं आणि प्रकरण आणखी बिघडलं. व्हॉल्व्हवर तेल पोचायच्या वाटा तीन. ब्रीदरची एक. दुसरी व्हॉल्व्हच्या दांड्यावरून, सीलमधून झिरपणारी. तिसऱ्या वाटेने तेल कमी, काजळी जास्त: इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात तेव्हा जळका वायू मागे येतो. डबडं पहिल्या वाटेवरचा नाकेदार. बाकीच्या दोन वाटांवर त्याची हुकमत नाही. शिवाय आधी बसलेला कार्बन ते काढत नाही, आणि इंजिनाच्या झाकणात कंपनीने तेल गाळायची सोय मुळातच केलेली असते. डबडं त्या गाळणीतून सुटलेलं पकडतं.

ताकाचा उलगडाही तेव्हाच झाला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, थोडं ब्लो-बायबरोबर चेंबरात उतरतं. पावसाळ्यात गाडी मंडईपर्यंतच गेली, नीट तापलीच नाही, की ते पाणी आणि तेल एकत्र घुसळलं जातं. म्हणजे बाटलीत दिसतं ते सगळं तेल नव्हेच. थंड मुलखात ते गोठून होज तुंबतो. आपण महाबळेश्वरच्या खाली राहतो, एवढं नशीब.

लेखकाने मग शास्त्रीय पद्धतीचा मान राखून अगदी तशीच दुसरी गाडी, डबडं न लावता, तुलनेसाठी घेण्याचा प्रस्ताव मांडला. तो मतदानाला न टाकताच फेटाळण्यात आला.

पंचवीस हजार किलोमीटरनंतर पुन्हा मॅनिफोल्ड उतरलं, पुन्हा कॅमेरा. पुटं होती, पण पातळ. लेखक विजयी मुद्रेने घरी आले. सौभाग्यवतींनी फोटो बघितला आणि यादी काढली: याच काळात ऑईल दर साडेसात हजारांना बदललं, तेही भारीतलं, कमी उडणारं, आणि नातवासाठी पुण्याच्या खेपा वाढल्याने गाडी हायवेवर मोकळी पळाली. ‘तीन औषधं एकदम घेतलीत. गुण कुणाचा म्हणायचा?’

मिस्त्रींचं मत विचारलं तर ते ऑईलच्या बाजूने पडले. लेखकाचंही आता मन तिकडेच झुकतं, जरी घरात ते कबूल केलेलं नाही. एक गोष्ट मात्र खटकत राहते. टोयोटाने 2005 पासून काही इंजिनांत थेट इंजेक्टरच्या जोडीला व्हॉल्व्हमागचे जुने इंजेक्टरही ठेवले. फोर्डने 2017 च्या पिकअपच्या साडेतीन लिटर इंजिनात तेच केलं. कारणं इतरही होती, पण उंबऱ्यावरचा सडा परत सुरू झाला. व्हॉल्व्ह धुण्यासाठी कंपन्या पुन्हा पेट्रोलकडेच वळल्या, डबड्याकडे नाही. डिझेलचं जरा वेगळं. तिथे ईजीआरमधून, म्हणजे इनटेककडे परत वळवलेल्या जळक्या वायूतून, कोरडी काजळी येते आणि ब्रीदरचं तेल तिचं डांबर करतं. ते तेल अडवण्यात अर्थ आहे, म्हणूनच मान-हुमेलसारखी जर्मन फिल्टर कंपनी या कामाचे डबे बनवते.

साथ सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे आपली जुनी एमपीएफआय गाडी घेऊन मिस्त्रींकडे पोचले. मिस्त्रींनी हात जोडले. ‘कशाला ओ? तुमची रोज आंघोळ करतीया.’ आणखी एका हौशी तरुणाने डबड्याची पुढची नळी काढून वाफ उघड्यावरच सोडली. इनटेक स्वच्छ राहतो हे त्याचं खरं, पण नियमात ते बसत नाही, आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की केबिनमध्ये गरम तेलाचा वास भरतो. त्याची बायको हल्ली बसने जाते.

गेल्या रविवारी लेखक तोटी उघडायला खाली निघाले होते. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘अहो, खाली जाताय तर ही पण रिकामी करून आणा.’ हातात चिमणीखालची तेलाची वाटी होती. दिवाळीच्या चकल्या-शेवेनंतर तिला कुणी हात लावला नव्हता. लेखकाने सवयीने ती मोजपात्रात ओतली. साठ मिलिलिटर. गॅसमागच्या फरशीवरून बोट फिरवून बघितलं. बोट चिकटलं.

दोन्ही तेलं मिस्त्रींच्या जुन्या ऑईलच्या पिंपात गेली. लेखकाच्या हिशेबाच्या वहीत त्या तारखेला दोन नोंदी आहेत.