३६० अंशांत फिरणारी वही

जून-जुलैत आमच्या छत्रपती संभाजीनगरात दोन प्रकारचे पालक दिसतात. एक औरंगपुऱ्यात, वह्यांचे गठ्ठे स्कूटरवर पायाशी ठेवणारे. दुसरे सिडकोत कॅनॉटच्या बाजूला, लॅपटॉपच्या दुकानात, लग्नाच्या बस्त्याला आल्यासारखे गंभीर होऊन बसलेले. पहिल्यांना किंमत कळते, दुसऱ्यांना फक्त हप्ता. यंदा मी दुसऱ्यांत होतो. भाचीला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरात मॅन्युअल वाचण्याची खोड मला एकट्यालाच असल्यामुळे ताईनं मला बोलावून घेतलं.

भाचीला साधा लॅपटॉप नको होता. "मामा, टू-इन-वन पाहिजे. पुढं टाइप करायचं, पाठीमागं दुमडला की टॅब. मग त्याच्यावर पेननं नोट्स काढायच्या."

दाजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पेननंच लिहायचं तर वही काय वाईट हाय?"

दुकानातला पोरगा हसला. मी हसलो नाही, कारण त्या दिवशी दुकानात विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता. बाकी सगळे रॅम किती, प्रोसेसर कितव्या पिढीचा, बॅग फुकट का, हेच विचारत होते.

दाजींच्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते शाखेप्रमाणे बदलतं. इतिहासाचं व्याख्यान कीबोर्डवर उतरवता येतं. पण सर फळ्यावर तुळई काढतात, तिच्यावर बाण सोडतात, एका टोकाला त्रिकोण, दुसऱ्याला गोल, आणि खाली बेंडिंग मोमेंटची कमान. हे टाइप करणारा पहिल्या बाणाशीच अडकतो आणि सर पुढच्या गणितावर गेलेले असतात. घाटीत डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांचंही तेच. खांद्यातून हातात उतरणारं नसांचं जाळं शब्दांत लिहून पाठ झालेलं मी ऐकलेलं नाही, ते लाल-निळ्या रेघांनीच डोक्यात बसतं. ज्यांना चित्र काढावं लागतं त्यांना पेन लागतो. वहीवर चालतोच. काचेवरच्या वहीचा फायदा एवढाच की चार वर्षांच्या वह्या एका पाठपिशवीत मावतात, चुकलेला बाण उचलून दुसरीकडे ठेवता येतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री 'मोमेंट' हा शब्द शोधला की तो जिथं जिथं लिहिलाय ती पानं समोर येतात. अर्थात अक्षर यंत्राला लागलं तर. भाचीचं इंग्रजी त्याला लागतं, मराठीच्या बाबतीत मात्र ते अजून तर्क करत असतं.

ही कल्पना काही आजची नव्हे. बिल गेट्सनी २००० साली 'टॅब्लेट पीसी' लोकांना दाखवला आणि नोव्हेंबर २००२ मध्ये तो बाजारात आला. त्या वेळच्या काही यंत्रांचा पडदा मधल्या एकाच बिजागरीवर गर्रकन फिरवून कीबोर्डावर पालथा घालायचा. वजन भरपूर, किंमत त्याहून भरपूर, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती ती फारशी आलीच नाहीत. २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी आयफोन दाखवताना पेनची भर व्यासपीठावर टिंगल केली. २०१० चा आयपॅड बोटानंच चालायचा. २०११ च्या ऑक्टोबरात आपल्या सरकारनं विद्यार्थ्यांसाठी स्वस्त 'आकाश' आणला. त्याच्या पडद्यावर बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. २०१२ मध्ये लेनोव्होचा पाठीमागं पूर्ण दुमडणारा 'योगा' आला, मायक्रोसॉफ्टचा 'सरफेस'ही त्याच वर्षी. आणि २०१५ मध्ये खुद्द ॲपलनंच पेन विकायला काढला. जॉब्स तोवर हयात नव्हते, नाहीतर कुणाची तरी नोकरी गेली असती.

पण घाईघाईत लिहून घ्यायच्या बाबतीत आमच्या भागानं गेट्ससाहेबांकडून शिकण्यासारखं फार नाही. इथून दिसणारा तो देवगिरी. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत. मोडी लिपी त्यानं रूढ केली असं परंपरा सांगते. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. सगळा आटापिटा वेगासाठी. लीळाचरित्राची गोष्ट तर आजच्या पोरांना मुद्दाम सांगावी. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून लिहून काढल्या आणि मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली. मग शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. बॅकअप माणसांत होता. पुढं महानुभावांनी पोथ्यांसाठी सांकेतिक लिप्याही केल्या, म्हणजे पासवर्डही झाला. कागदाचं म्हणाल तर देवगिरीहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तिथला हातकागद तुघलकाच्या काळापासूनचा सांगतात.

दुकानात मात्र कागजीपुऱ्याची आठवण वेगळ्या कारणानं झाली. काच गुळगुळीत असते. पेन तिच्यावर घसरतो आणि मराठी अक्षर, जे मुळातच वळणाचं, ते पोट सुटल्यागत पसरतं. म्हणून हल्ली काचेवर कागदासारखा खरखरीत गार्ड चिकटवतात. म्हणजे आधी कागद टाकायचा आणि मग पैसे देऊन त्याचा खरखरीतपणा परत आणायचा.

पेनांचंही एक शास्त्र आहे. रबरी टोकाचा स्वस्त पेन बोटाचंच काम करतो, त्यानं नोट्स निघत नाहीत. दुसऱ्या प्रकारात पेनात बॅटरी असते आणि ती नेमकी तासाच्या मध्यावर संपते. तिसऱ्यात पेनात बॅटरीच नसते. पडद्यामागची जाळी चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यावर पेनातलं वेटोळं जागं होतं. दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, इसपे कोई भी पेन चल जाएंगा." चालत नाही. एका कंपनीचा पेन दुसऱ्याच्या पडद्यावर अनेकदा नुसती काठी असतो.

तपासायचं कसं? दुकानात पेन हातात आला की माणूस सही करतो. सही कुठंही बरी दिसते. त्याऐवजी पट्टी घेऊन सावकाश तिरकी रेघ ओढायची, वाईट पडद्यावर ती थरथरते. मग तळहात काचेवर निवांत टेकवून मराठीत दोन ओळी लिहायच्या. हाताचे डाग उमटले किंवा शिरोरेघ पेनाच्या मागून धावत आली, तर यंत्र खाली ठेवायचं. नंतर खुर्चीत बसून बघायचं. दुमडणारं यंत्र दीड किलोच्या आसपास असतं आणि कॉलेजच्या खुर्चीची लिहायची फळी अरुंद. सुटा कीबोर्ड असलेला प्रकार हलका, पण मांडीवर घेतला की कोसळतो.

शहाणे लोक इथं संशोधन काढतात. २०१४ मध्ये अमेरिकेत दोघांनी दाखवलं, की लॅपटॉपवर टाइप करणारे ऐकलेलं जसंच्या तसं उतरवतात आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत हातानं लिहिणाऱ्यांच्या मागं पडतात. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा फरक तेवढा ठळक निघाला नाही. आमच्याकडच्या वर्गात हा वाद लागूच होत नाही. तिथं एक मुलगी लिहिते, उरलेले मोबाइलनं फळ्याचा फोटो काढतात आणि परीक्षेच्या आठवड्यात त्या मुलीच्या वहीची झेरॉक्स निघते. आणि हे सगळं करून विद्यापीठाचा पेपर तीन तास कागदावरच लिहायचा असतो, पुरवण्या मागत. वर्षभर काचेवर लिहिलेला हात दुसऱ्या तासाला भरून येतो, म्हणून दाजींनी औरंगपुऱ्यातून दोनशेपानी वह्यांचा गठ्ठा आणलाच.

भाचीला ऑटोकॅड लागणार आणि त्याला विंडोज सोयीचं, म्हणून तिच्यासाठी दुमडणारा लॅपटॉप योग्य होता. तो आम्ही घेतला. दुकानातल्या पोरानं पुढं केलेला नव्हे, ज्याच्यावर तिची तिरकी रेघ सरळ आली तो. बीएच्या किंवा बीकॉमच्या मुलाला मी साधा लॅपटॉप आणि वही सांगेन आणि उरलेल्या पैशांत पुस्तकं. तुम्ही दुकानात जाल तेव्हा पेन मुलाच्या हातात द्या, चांगली पंधरा मिनिटं लिहू द्या, तोवर तुम्ही चहा घ्या. आणि हप्त्याच्या कागदांवर सही करण्याआधी पेन खोक्यात आहे की वेगळा विकत घ्यायचा, एवढं विचारून घ्या.