सूपवाले आणि मटणवाले

स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ४९ फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतून ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. वजनदार मधुमेहींना तीन ते पाच महिने नुसतं सूप आणि शेक, दिवसाला साधारण ८५० कॅलरी. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: वर्षभरानं ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत फक्त ४ टक्के.

हेच भोर तालुक्यातल्या किकवी गावात करायचं म्हटलं तर? डॉक्टर आहेत, काटा आहे, पोटं तर आहेतच. अडचण चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची. थोरल्याच्या वाट्याला सूप आणि धाकट्याच्या वाट्याला मटण आलं, तर प्रकरण भोरच्या कोर्टात जाईल. त्यात मध्येच जत्रा, लग्नसराई, आणि एकादशी. ‘‘उपासच आहे ना डॉक्टर!’’ म्हणत पेशंट साबुदाण्याच्या खिचडीवर कूट पेरणार. डॉक्टर गप्प. जास्त बोलले तर तो शिरवळचा दवाखाना गाठेल. तिथं सुई तरी मिळते.

मधुमेह आणि वजनासाठी आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका असं सांगितलं. लोकांनी ५५ च्या ५५ मिनिटं प्रामाणिकपणे वापरली. त्यांनीच सांगितलेल्या ४५ मिनिटांच्या चालण्याचं मात्र अवघड. हायवेला कुठल्याही दिशेनं निघा, ढाबा आडवा येतोच.

वजनाच्या दिवशी मात्र काटेकोरपणा बघावा. चप्पल, मोबाईल, किल्ल्या, तंबाखूची डबी, सगळं टेबलावर. पहिल्या वेळी यातलं काहीच काढलेलं नसतं. अर्धा किलो तिथंच उतरतो.