नऊ धावांची अब्रू

आकडे डोक्यात शिरले की फलंदाजाची बॅट जड होते म्हणतात. पुण्यात १९४८ च्या डिसेंबरात ते प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या पायात शिरले. रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी. ही वजाबाकी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनाही येत होती. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असा निरोप आला. महाराष्ट्राने ऐकलं नाही आणि मंडळी खरंच सामान बांधून चालती झाली! म्हणजे चारशे त्रेचाळीस देईपर्यंत अब्रू शाबूत होती. ती जाणार होती पुढच्या नऊंत. गोलंदाजांना न आवरलेला फलंदाज असा सामानाच्या पेट्यांनी आवरला. निंबाळकरांना पुढे कसोटीची टोपी काही मिळाली नाही, पण तो हिशेब वेगळ्या मंडळींचा.

२०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार व्हियान मुल्डर बुलावायोत नाबाद ३६७ वर होता. ब्रायन लाराचे कसोटीतले विक्रमी ४०० लाराकडेच राहावेत म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीत आपणहून डाव घोषित केला. झिम्बाब्वेच्या कर्णधाराला साधा निरोपही धाडावा लागला नाही.