दमाने घेण्याचे शास्त्र

‘दम’ हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला आहे. संस्कृतातून येताना त्याने इंद्रियनिग्रह हा अर्थ आणला, म्हणूनच ‘शम-दम’ अशी जोडी पोथ्यांत भेटते. फारसीतून येताना त्याने श्वास हा अर्थ आणला, आणि मराठीने दोन्ही पाहुण्यांना एकाच खोलीत ठेवून दिल्याने पुढे कोणता दम कोणाचा हे सांगणे कठीण झाले. परिणामी मराठी माणसाला दम लागतो, तो दम खातो, दम धरतो, प्रसंगी दुसऱ्याला दम देतो, आणि एवढे सगळे करून शेवटी दमतो. अहिल्यानगर परिसरात ‘दमानं घ्या’ हा उपदेश घाईने जेवणाऱ्याला, वेगाने गाडी हाकणाऱ्याला आणि उसने पैसे परत मागणाऱ्याला सारख्याच गांभीर्याने केला जातो. त्याचा अर्थ एवढाच, की काम सोडू नये, पण कामाच्या मागे धापा टाकत धावूही नये. अलीकडे हीच गोष्ट ‘संथ जीवनशैली’ या नावाने शुल्क घेऊन शिकवली जाते, आणि तिच्या वर्गाला वेळेवर पोहोचण्यासाठी साधकांची मोठी धावपळ होते.

या विषयाच्या अभ्यासकाला दमाचे बहुतेक सर्व प्रकार भिंगारमध्ये आणि त्याच्या पंचक्रोशीत पाहायला मिळतात. नगर शहराला लागून, पाथर्डीच्या रस्त्यावर वसलेल्या या गावाला लष्करी छावणीचा शेजार आहे, त्यामुळे येथे शिस्त आणि सवड या परस्परविरोधी गोष्टी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नांदतात. मात्र या मुलखाचा इतिहास तपासू लागल्यावर एक खेदजनक निष्कर्ष हाती येतो: येथे जे कोणी थांबले, त्यांतील फारच थोडे आपण होऊन थांबले.

पहिला प्रकार ‘दम लागणे’ हा होय. औरंगजेब 1681 मध्ये दक्षिणेत उतरला तो मराठ्यांचा प्रश्न निकालात काढून परत जाण्याच्या बेताने, आणि ‘एवढे एक काम उरकले की निवांत’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक नोकरदाराप्रमाणे त्यालाही तो निवांतपणा कधीच लाभला नाही. 1699 पासून, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्याने साताऱ्यापासून तोरण्यापर्यंतच्या किल्ल्यांना जातीने वेढे घातले. 1700 मध्ये खवासपूरच्या छावणीत पूर शिरून गुडघा दुखावला आणि पाय कायमचा अधू झाला, तरी मोहीम चालूच राहिली. अखेर 1706 च्या आरंभी तो नगरला येऊन थांबला आणि 3 मार्च 1707 रोजी 88 व्या वर्षी येथेच निवर्तला. भिंगारजवळचे आलमगीर हे ठिकाण आजही त्याच्या अखेरच्या दिवसांची आठवण म्हणून दाखवले जाते. विशेष म्हणजे या बादशहाला छंद नव्हता असे नाही, कारण तो टोप्या शिवत असे, आणि त्याचे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात त्या टोप्यांच्या कमाईतले चार रुपये दोन आणे कफनासाठी राखून ठेवलेले आहेत. छंद जडवून घेतला की मन आपोआप शांत होते, हे आजचे लाडके मत या एका उदाहरणाने बरेच डळमळीत होते; टोपी शिवणारा हात शांत असला, तरी डोक्यात त्याच वेळी पुढच्या किल्ल्याचा वेढा चालू असू शकतो.

दुसरा प्रकार ‘दम खाणे’, म्हणजे काम बाजूला ठेवून स्वस्थ बसणे. याचे आदिपीठ छावणीजवळचा फराहबाग हा तळ्यातला महाल असून त्याचा यजमान नगरचा सुलतान मूर्तजा निजामशाह होता. 1574 मध्ये वऱ्हाड जिंकल्यावर त्याला राज्यकारभाराचा कंटाळा आला, आणि तो लोकांतून अंग काढून एकांतात राहू लागला. विश्रांतीसाठी बांधलेला महाल प्रथम पसंत पडला नाही, म्हणून तो पाडून पुन्हा बांधवला गेला आणि 1583 मध्ये पूर्ण झाला. शेतघर बांधायला काढून ठेकेदाराशी चार वर्षे भांडणाऱ्या आणि त्या भांडणाने रक्तदाब वाढवून घेणाऱ्या आजच्या शांतताप्रेमी वर्गाने हा इतिहास अवश्य वाचावा. तयार महालात हा राजा दिल्लीहून आलेल्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे असे सांगतात, आणि त्या काळात राज्याचा गाडा सलाबतखान नावाचा कारभारी ओढत होता. यातून एक नियम हाती लागतो, तो असा की घरातल्या एका माणसाने दम खायचा ठरवला, की दुसऱ्या कोणाला तरी दम लागतो. सुटीच्या दिवशी ‘आज काहीच करायचे नाही’ असे जाहीर करणाऱ्या कुटुंबप्रमुखाच्या घरी त्या दिवशी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा का येतो, याचा उलगडाही याच नियमाने होतो. मूर्तजाची विश्रांती 1588 मध्ये त्याच्याच मुलाने त्याचा जीव घेऊन संपवली, तेव्हा या प्रकाराची शिफारस करताना अभ्यासकाने हात राखलेला बरा.

‘एका दमात’ हा तिसरा प्रकार तुलनेने किरकोळ आहे. 8 ऑगस्ट 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने नगरची पेठ शिड्या लावून घेतली, आणि ती पाहणाऱ्या पेशव्यांच्या बाजूच्या गोखले नावाच्या सरदाराने पुण्याला असे कळवले, की ही विलक्षण माणसे सकाळी आली, तटावरून चालून गेली आणि न्याहारीला परत फिरली. भुईकोट किल्ला मात्र 12 तारखेपर्यंत तग धरून राहिला. या परिसरातील पहिला नोंदलेला गतिरोधक तोच म्हणता येईल.

याच किल्ल्यात पुढे चौथा प्रकार घडला, आणि तो ‘दम देणे’ या सदरात मोडतो. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना रेल्वेने नगरला आणून येथे ठेवण्यात आले. नेहरू, पटेल, आझाद, पंत, नरेंद्र देव, शंकरराव देव ही त्या काळी देशातली सर्वांत कामात असलेली माणसे होती, आणि इंग्रज सरकारने एका फटक्यात त्यांच्या सगळ्या बैठका रद्द करून टाकल्या. सुरुवातीला वर्तमानपत्रही मिळत नव्हते. आज डोंगरातल्या आश्रमात याच सोयीसाठी दिवसाला काही हजार रुपये मोजावे लागतात. नेहरूंनी अंगणात बाग करायला घेतली, तर खणताना माती थोडी आणि जुन्या इमारतींचा राडारोडाच अधिक निघू लागला. तरीही फुलांचे वाफे झाले, आणि 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा जाडजूड ग्रंथही लिहून झाला. तुरुंगात बसून पाच हजार वर्षांचा इतिहास पाच महिन्यांत उरकणाऱ्या माणसाला दम खाता आला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

‘दम धरणे’ हा पाचवा आणि सर्वांत दुर्मीळ प्रकार मौलाना आझादांना साधला होता. ते याच किल्ल्यात आपल्या एका स्नेह्याला पत्रे लिहीत, आणि ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहीत. ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती 1946 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत खोलीतल्या चिमण्यांची हकिकत आहे. आधी त्यांच्याशी युद्ध, मग तह आणि शेवटी ‘मोती’, ‘कलंदर’, ‘मुल्ला’ अशी नामकरणे झाली. चहाची हकिकत तर त्याहून तपशीलवार आहे. पहाटे चारच्या सुमारास, सगळे झोपेत असताना, मौलाना स्वतः उठून चमेलीच्या वासाचा चिनी चहा करीत. तो ते बिनदुधाचा घेत, कारण दूध घालून लोक चहाचा पातळ हलवा करतात अशी त्यांची तक्रार होती. भिंगारच्या चौकात दूध, आले आणि साखर एकत्र उकळून केलेला चहा तीन घोटांत घशाखाली लोटून दुचाकीला किक मारणाऱ्या जनतेने ही तक्रार मनावर घेऊ नये, कारण वाद दुधाचा नव्हता, घोटांचा होता. मौलाना एक घोट घेत, मग सिगारेटचा एक झुरका, मग पुन्हा एक घोट, आणि तेवढा वेळ इंग्रजांचे साम्राज्य बाहेर थांबून राही.

येथवर आल्यावर वाचकाला एखादी पद्धत हवी असेल, तर ती देणे अवघड आहे. हल्ली मनगटावरचे घड्याळ ठरावीक वेळाने थरथरून ‘श्वास घ्या’ अशी आठवण करते, म्हणजे दम घेण्यासाठी माणसाला दम देते, आणि दमाच्या इतिहासात एवढा गोंधळ पूर्वी कधी झालेला आढळत नाही. प्रस्तुत लेखकाचीही स्थिती निराळी नाही. हा लेख मुदत उलटून गेल्यावर पोहोचला असून, लेखक त्याला दम धरणे म्हणतो आणि संपादकांनी दूरध्वनीवर जे केले त्याला काय म्हणावे हे वर सांगून झाले आहे.

उर्दूत पत्ती गरम पाण्यात टाकून किटली झाकून ठेवण्याला चहाला दम देणे म्हणतात. बिर्याणी दमावर ठेवतात तो दमही हाच. या क्रियेत माणसाने करायचे असे काहीच नसते, फक्त झाकण मध्येच उघडून पाहायचे नसते. भिंगारच्या शेजारच्या त्या तटामागे सरकारने ज्याला दम दिला, तो रोज पहाटे उठून चहाला दम देत होता, आणि दोघांपैकी झाकण उघडून पाहण्याची घाई सरकारलाच अधिक होती.