मँचेस्टरकरांचा धीर

मँचेस्टरकर हे त्याचं खरं आडनाव नाही. खरं आडनाव आमच्या इमारतीत फक्त पोस्टमनला आणि मेंटेनन्सची पावती फाडणाऱ्या सेक्रेटरीला ठाऊक आहे. मूळचा तो इचलकरंजीचा. यंत्रमागांच्या त्या गावाला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे गावावरून आडनाव पडायच्या आपल्या रिवाजाला धरूनच हे झालं. खऱ्या मँचेस्टरला तो अजून गेलेला नाही. पण मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमचं छत कुठे गळतं हे त्याला तोंडपाठ आहे. स्वतःच्या बाथरूमची गळती मात्र खालच्या मजल्यावरच्या काकूंना वर येऊन दाखवावी लागते.

हा काही एकटा नव्हे. पुण्यात, नाशकात, ठाण्यात, प्रत्येक ऑफिसात एखादा मँचेस्टरकर असतोच. वय चाळिशीपुढचं. अंगात लाल जर्सी, पोटावर जरा ताणलेली. पाठीवर ज्याचं नाव छापलंय तो खेळाडू क्लब सोडून केव्हाच गेलेला. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये याला ‘काय झालं मग काल?’ असं चुकूनही विचारू नये. तो तुमच्याकडे न बघता मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणतो, “टीम बांधणं चाललंय.” हे बांधकाम २०१३ पासून चालू आहे.

या माणसाच्या धीराचं कौतुक करावं म्हटलं, तर तो धीर इतर कुठे नजरेला पडत नाही. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत तो दोनदा स्वयंपाकघरात डोकावतो. सिग्नलचा लाल दिवा हा त्याला वैयक्तिक अपमान वाटतो. आमच्या सोसायटीच्या सभेत रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला आणि बिल्डरच्या माणसाने आणखी सहा महिने मागितले, तेव्हा मँचेस्टरकर खुर्ची मागे सरकवून उभाच राहिला. “सहा महिने कशाचे? करारात काय लिहिलंय? तुमचा आर्किटेक्ट तिसऱ्यांदा बदललाय. पहिल्याने काढलेला नकाशा दुसऱ्याने खोडला, दुसऱ्याचा तिसऱ्याने. अहो, पाया कधी घालणार?” सभेने टाळ्या वाजवल्या. बिल्डरचा माणूस चहा अर्धा टाकून गेला. त्याच रात्री पार्किंगमध्ये मँचेस्टरकर मला गाठून शांतपणे म्हणाला, “नवा मॅनेजर आलाय. तीन वर्षं तरी द्यायला हवीत त्याला. आधीच्याने भरलेली माणसं काढायची, आपल्या सिस्टीमची आणायची, म्हणजे वेळ लागणारच की!”

त्याच्याकडे या वेळेचा पुरावा तयार असतो आणि तो न मागता मिळतो. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात मॅनेजर म्हणून आले. पहिली तीन वर्षं एकही करंडक नाही. १९८९ च्या सप्टेंबरात मँचेस्टर सिटीने ५-१ ने धुतलं. डिसेंबरात एका प्रेक्षकाने चक्क स्टेडियममध्ये फलक धरला, त्याचा मथितार्थ असा की तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता या. मग १९९० च्या जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा गोल, त्याच मोसमात एफए कप, आणि १९९३ मध्ये तब्बल २६ वर्षांनी लीगचं विजेतेपद. “तेव्हा फर्गीला हाकलला असता तर?” असं विचारून मँचेस्टरकर थांबतो. समोरच्याने मान हलवली की तो ती मान चालू मॅनेजरच्या खात्यावर जमा करतो.

हा दाखला त्याने आजवर प्रत्येकाला लावला. फर्ग्युसननी क्लबला विसावी लीग जिंकून देऊन २०१३ मध्ये निवृत्ती घेतली, जाताना प्रेक्षकांना नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायला सांगितलं. नवे म्हणजे डेव्हिड मॉइस. करार सहा वर्षांचा, घरी गेले दहा महिन्यांत. मधे काही चाहत्यांनी वर्गणी काढून ‘मॉइस हटाव’ची पताका लावलेलं विमान स्टेडियमवरून उडवलं. तेव्हा आपल्याकडे यूपीआय नव्हतं, नाहीतर त्या विमानाच्या इंधनात मँचेस्टरकरचेही पाचशे रुपये असते. नंतर व्हॅन गाल आले. त्यांनी २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांना नारळ मिळाला. मोरिन्यो आले, दोन करंडक देऊन आणि सगळ्यांशी भांडून गेले. रांगनिक हंगामी म्हणून आले आणि या क्लबला ओपन हार्ट सर्जरीची गरज आहे असं सांगून निघाले. टेन हाग यांनी दोन कप दिले, पण त्यांच्याच काळात लिव्हरपूलने ७-० अशी फजिती केली. २०२४ च्या नोव्हेंबरात रुबेन आमोरिम आले आणि तो मोसम संपला तेव्हा क्लब लीगमध्ये पंधरावा होता.

या प्रत्येकाबाबत मँचेस्टरकरचं पंचांग ठरलेलं. ऑगस्टमध्ये ‘वेळ द्या’. दिवाळीत ‘बघू या’. नाताळात ‘याला काही कळत नाही’. होळीला ‘हाकला’. आणि मेमध्ये, सगळं पार पडल्यावर, ‘पुढच्या मोसमात बघा’. बारकाईने पाहिलं तर यात धीर कुठेच नाही. दर शनिवारी रात्री त्याचा धीर सुटतो, शेजाऱ्यांना ऐकू येईल असा सुटतो. चमत्कार आहे तो रविवारचा. दुपारी जेवून एक झोप काढली की शनिवार त्याच्या डोक्यातून पुसला जातो. बाहेरून आपण ज्याला सहनशक्ती म्हणतो, ती आतून विस्मरणशक्ती आहे.

पण स्मरणशक्तीही तितकीच दांडगी. २६ मे १९९९ विचारून बघा. त्या दिवशी दुपारी टाँटनला भारताची श्रीलंकेविरुद्ध वर्ल्ड कपची मॅच होती. गांगुलीने १८३ काढले, द्रविडने १४५. सगळं घर तृप्त होऊन झोपलं. कॉलेजातला मँचेस्टरकर मात्र टीव्हीचा आवाज बंद करून बसला, कारण आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल होती. बायर्न म्युनिकने सहाव्या मिनिटाला गोल केला आणि मग नव्वद मिनिटं संपेपर्यंत काहीच घडेना. वडील पाणी प्यायला उठले, म्हणाले, “हरतायत ना? मग झोप की!” हा बसून राहिला. इंज्युरी टाइममध्ये आधी शेरिंगम, मग सोल्शियर. दोन गोल, खेळ खल्लास. युएफाचे अध्यक्ष योहानसन करंडक द्यायला म्हणून लिफ्टने खाली निघाले होते. ते मैदानात पोचले तर त्यांना कळेना, जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत हे कसं? हा भाग सांगताना मँचेस्टरकरला दर वेळी नव्याने हसू येतं. “लिफ्टमध्ये होता बिचारा! शेवटपर्यंत बसायला काय झालं होतं?”

या आठवणीवर तो जगतो यात नवल नाही. नवल हे की खुद्द क्लबही तेच करत आला. २०१८ च्या डिसेंबरात मोरिन्यो गेल्यावर हंगामी मॅनेजर म्हणून आणले कोणाला, तर त्याच सोल्शियरला. पॅरिसमध्ये जाऊन ३-१ ने जिंकले, तशी नोकरी पक्की झाली. मँचेस्टरकरने ऑफिसात पेढे वाटले. २०२१ च्या नोव्हेंबरात वॉटफर्डकडून ४-१ ने हरल्यावर सोल्शियर गेले, तेव्हा तो दोन दिवस रजेवर होता आणि रजेच्या अर्जात त्याने ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं.

त्याचा राग मात्र कायम तेवत असतो, तो मालकांवर. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब विकत घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि त्यातलं मोठं कर्ज ठेवलं क्लबच्याच डोक्यावर. हा व्यवहार साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला समजावून सांगावा लागत नाही. मँचेस्टरमधल्या काही चाहत्यांना तो इतका लागला की त्यांनी बाहेर पडून ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ असा स्वतःचा क्लबच काढला. आपल्याकडे असं काही झालं की एका रात्रीत अर्धे लोक नव्या गटात जातात आणि मूळ आम्हीच म्हणतात. मँचेस्टरकर गेला नाही. निष्ठावंत ही जमात राज्यात दुर्मीळ होत चालल्याची ओरड आहे, पण शोधणारे चुकीच्या वेळी शोधतात. रात्री दीड वाजता टीव्हीसमोर शोधलं तर सापडेल.

अर्थात जाणार कुठे, हाही प्रश्न आहे. इचलकरंजीहून तासाभरावर कोल्हापूर, तिथे शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांसाठी जीव टाकणारी माणसं आहेत. पण तिथला खेळाडू पेठेतलाच. गोल चुकवला तर संध्याकाळी त्याला कोपऱ्यावर गाठून ‘काय रे, डोळे कुठं होते?’ असं विचारता येतं. मँचेस्टरकरला ती सोय नाही. हॅरी मॅग्वायरसाठी २०१९ मध्ये क्लबने आठ कोटी पौंड मोजले, बचावपटूसाठी तोवर जगात कोणी एवढे दिले नव्हते. मँचेस्टरकरने त्याला वर्षानुवर्षं अस्सल इचलकरंजीच्या भाषेत शिव्या घातल्या. त्यातली एकही त्याच्यापर्यंत पोचली नाही.

या निष्ठेला आता वारस आहे. चिरंजीवांचा जन्म २०१३ चा, म्हणजे सुवर्णकाळ संपला त्या वर्षीचा. त्याने लीगचं विजेतेपद फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलंय. बिल्डिंगमधली बाकी पोरं दर वर्षी जो जिंकेल त्याची जर्सी घालतात. हा लालच घालतो. कसली आठवण गाठीशी नसताना हा पोरगा कशावर तगून आहे, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

मग २०२५ च्या एप्रिलमध्ये युरोपा लीगची लिऑनविरुद्धची मॅच आली. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून वहिनींनी पोराला जागायची परवानगी दिली. युनायटेडने २-० ची आघाडी घेतली, घालवली, आणि जादा वेळेत ४-२ ने मागे पडले. समोर एक खेळाडू कमी असताना. पहाटेचे तीन वाजत आलेले. मँचेस्टरकरने रिमोट सोफ्यावर टाकला, “यांच्याच्याने काही होत नाही” म्हणाला, आणि आत जाऊन अंगावर पांघरूण घेतलं. पोरगा बसून राहिला. ११४ व्या मिनिटाला ब्रुनो फर्नांडिसची पेनल्टी, मग मेनू, आणि लगोलग मॅग्वायरचं हेडर. सात-आठ मिनिटांत तीन गोल, ५-४. किंकाळी ऐकून मँचेस्टरकर धावत बाहेर आला तेव्हा पडद्यावर फक्त मिठ्या चालल्या होत्या.

पुढे महिन्याभरात बिल्बाओच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून हार झाली. आणि मग २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. मँचेस्टरकरकडे दीड दिवसाचा गणपती. आरत्या आटोपून, मोदक संपवून, मध्यरात्री बापलेक मोबाइल मांडून बसले. प्रतिस्पर्धी ग्रिम्सबी टाउन, चौथ्या डिव्हिजनचा क्लब. मध्यंतराला ०-२. शेवटाला मॅग्वायरने २-२ केलं आणि पेनल्ट्या सुरू झाल्या. तिकडे आमोरिम बाकावरच बसून होते. इकडे मँचेस्टरकर मखराकडे तोंड करून बसला, कारण मोबाइलकडे बघवेना. दोन्हीकडची अकरा माणसं मारून झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली, आणि शेवटी एम्बुमोचा चेंडू आडव्या दांडीवर आपटला. १२-११. विघ्नहर्ता घरात असताना.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना खाली पोरांनी चिरंजीवांना घेरलंच. “चौथ्या डिव्हिजनकडून हरलात! लाज वाटत नाही?” माझ्या शेजारी मँचेस्टरकर मूर्तीचा पाट धरून उभा होता. आता पोरगा रडतो की काय, असं वाटलं. पोराने टोपी नीट केली आणि म्हणाला, “लिऑनची मॅच बघितलीस का तू?” मग सुरुवात झाली. ११४ वं मिनिट, कोणी पास दिला, कोणी कुठून मारला, मॅग्वायर किती वर उडाला. कालची पेनल्टी त्याच्या डोक्यातून पार गेलेली. घेरणारी पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायला लागली. मँचेस्टरकरने मला कोपराने ढोसलं. “बघ. आता पंचवीस वर्षं याची काळजी नाही.”

तेवढ्यात पोरगा हसत म्हणाला, “आणि बाबा तर तेव्हा झोपले होते!”

“झोपलो नव्हतो,” पाट सावरत मँचेस्टरकर म्हणाला. “टीमला वेळ देत होतो.”