मुठीत मावतो

तुमच्या आळीतही असा एक असणारच. आमच्याकडे नाना आहे. मे संपत आला की मूठ आवळून पडवीत येतो आणि विचारतो, "सांग मेल्या, मुठीत काय?"

मी "काजू" म्हणतो. मूठ उघडते. आत काळी पुरचुंडी. "रेनकोट! दोनशे दहा ग्रॅम! मुठीत मावतो!"

वजन त्याने ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर करून आणलंय.

हा खटाटोप शिकारीसाठी. डुकराच्या नव्हे, वन्यजीव कायद्याने ती हौस संपवली. नानाकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, पण निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं, एवढाच तिचा पराक्रम. आमची शिकार मुठ्यांची, म्हणजे वहाळातल्या खेकड्यांची. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्या बंद, मासळी महाग, आणि पहिल्या पावसाला मुठे बिळातून बाहेर. रात्री बॅटरीचा झोत पडला की मुठा जागीच थिजतो. डेंगे चुकवून मागून पाठीवर दाबायचा, उचलायचा, गोणत्यात टाकायचा. पोटाशी पिल्लं असलेली मादी सोडून द्यायची. याला बॅटरी, गोणता आणि थोडं धाडस पुरतं. नानाला रेनकोट लागतो.

त्याच्या लेबलावर दहा हजार मिलिमीटर लिहिलंय. दहा मीटर उंच पाण्याचा दाब ते कापड सोसतं, असा त्याचा अर्थ. नानाचा हिशेब निराळा. "रत्नागिरीत वर्षाला तीन हजारांच्या वर पडतो. म्हणजे तीन वर्षं बघायला नको!" शिवाय कापड म्हणे श्वास घेतं. घामाची वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा कोरडी हवी. जुलैत आमच्याकडे कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. तिथे कापडाने श्वास घ्यायचा कुठून?

पण हे ताडून बघायची वेळच आली नाही. नाना रेनकोट उघडतच नाही. "उघडला आणि परत मावला नाही तर?" घडी कारखान्यातली; तशी पुन्हा बसणार नाही, ही त्याची खात्री. त्यामुळे सर आली की सगळे छत्रीखाली, नाना चिंब, आणि खिशात रेनकोट कोरडा ठणठणीत. एसटीत सुटे पैसे द्यायला मूठ उघडली, तर कंडक्टरच्या हातात रेनकोट. एकदा स्मशानातून परतताना पावसाने झोडपलं. डोळे पुसणाऱ्या पुतण्याला नानाने बाजूला घेतलं. मला वाटलं, धीर देतोय. जवळ गेलो तर ऐकू आलं, "...मुठीत मावतो."

तीन वर्षं अशी गेली. कापडाला थेंब लागला नाही.

गेल्या आर्द्रात वहाळातल्या शेवाळावरून माझा पाय सटकला. घोटा मुरगळला, बॅटरी पाण्यात, वरून मुसळधार. थंडीने दात वाजायला लागले. अंधारात चेन सरकल्याचा आवाज आला आणि अंगावर काहीतरी सळसळतं पडलं. नानाने रेनकोट उघडला होता.

मी काही बोललो नाही. तोही बराच वेळ गप्प. फणसाखाली बसून पाऊस ओसरायची वाट बघताना एकदम म्हणाला, "बाबांचं इरलं आठवतं तुला? कामट्यांचं. पडवीचा अर्धा कोपरा अडवायचं. घडी नाय, काय नाय. लावणीला बाबा वाकलेले असायचे. सर आली की मी आत शिरायचो." मग थोड्या वेळाने, "मावायचो."

माणूस वैताग आहे, यात बदल नाही. पण घरापर्यंतचे दोन किलोमीटर मला खांद्याचा आधार देत त्यानेच आणलं, उघड्या डोक्याने. गोणताही त्याच्याच हातात.

रेनकोट बाहेरून गळला नाही, हे कबूल. आतून घामाने मी भिजलो, ते त्याला अजून सांगितलेलं नाही. घोट्याची सूज आठवड्यात उतरली. रेनकोट मात्र वर्षभर माझ्या पडवीत दोरीवर लोंबतोय. नाना रोज संध्याकाळी येतो, आम्ही दोघं दोन टोकं धरतो, गुंडाळतो, दाबतो, गुडघा देतो. एक बाही बाहेरच राहते.

मृग तोंडावर आलाय. कुणाला ती घडी जमत असेल तर येऊन जा. मुठ्यांचं कालवण आमच्याकडे.