खिसेकापूची मुंबई

मुंबईवर वैतागायचं, पण ठेक्यात, हे आम्हाला एका खिसेकापूनं शिकवलं. १९५६ सालच्या 'सीआयडी'त जॉनी वॉकर खिसेकापू आहे. मोहम्मद रफीच्या आवाजात तो या शहराची जी उणीदुणी काढतो, ती आजही डोंबिवली फास्टच्या दारात लटकून जशीच्या तशी काढता येतात. (लटकताना एक हात खिशावर ठेवावा.) चालसुद्धा ओ. पी. नय्यर यांनी 'क्लेमेंटाइन' या जुन्या अमेरिकन गाण्यावरून उचललेली. खिसेकापूला याहून शोभणारी चाल कुठून आणणार?

मजरूह सुलतानपुरींनी शहराची जंत्रीच दिलीय: इमारती, ट्रामा, मोटारी, गिरण्या. सगळं आहे, माणूस तेवढा दिसत नाही, ही तक्रार. मजरूहसाहेबांना सकाळी दादरच्या पुलावर उभं करायला हवं होतं. माणूस दिसत नाही म्हणे! तिथं माणसांखेरीज काही दिसत नाही; स्वतःचे पायसुद्धा नाहीत. जंत्रीतली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. गिरण्या १९८२च्या संपानंतर एकेक करत मिटल्या, आणि लोअर परळला भोंगा वाजायचा तिथं आता कॉफी मिळते. उरल्या इमारती आणि मोटारी. त्यांनी बाकीच्या दोघींचीही जागा लाटली.

सट्टा, पत्ते आणि रेस यांचाही गाण्यात उल्लेख आहे. त्यासाठी आता घराबाहेर पडावं लागत नाही, मोबाईल पुरतो. दुसऱ्याचा गळा कापून त्याला धंदा म्हणणाऱ्यांचं कडवं लागलं, की आमच्या सोसायटीतले लोक पुनर्विकासाची बैठक आठवून माना डोलावतात.

जॉनी वॉकर सिनेमात येण्याआधी बेस्टचा कंडक्टर होता. त्यामुळे त्याची कुरकुर मला अधिकृत वाटते. शिवाय गर्दीत शिरून लोकांच्या खिशातले पैसे काढायचा त्याला आधीपासूनच सराव. फक्त तेव्हा तो बदल्यात तिकीट फाडून द्यायचा.

इतकं सगळं झाल्यावर गीता दत्त येते आणि एका कडव्यात त्याचं रडगाणं साफ उलटं फिरवते. आमच्या घरी ते कडवं बायकोकडे आहे. पाणी गेलं, गाडी चुकली, रिक्षावाला नाही म्हणाला, की मी रफी होतो. ती भाजी निवडता निवडता विचारते, "मग कायमचं जायचं का राजापूरला? तुमच्या दादांना फोन करू?"

मी उठतो आणि पुढच्या महिन्याचा पास काढून येतो.